यंदाचा बडग्या कोणाचा

घरचा जावई पुन्हा मेंबर झाला, तर रामाजी निखाऱ्यांच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. पहिली, नव्या कापडबाजारातला कोपऱ्यावरचा ओटा. दोन रस्त्यांची गिऱ्हाइकं एकाच ओट्यापुढून जाणार होती. दुसरी, दारासमोर म्युनिसिपल कमेटीचा कंदील; म्हणजे संध्याकाळनंतरही मागावर बसता येणार आणि तेल सरकारचं. तिसरी गोष्ट शहाणा माणूस हिशेबात धरत नाही, पण रामाजी धरत. कोष्टीपुऱ्यात पूर्वी लोक त्यांना ओळखून मग नमस्कार करीत. आता नमस्कार आधी होत असे.

ही झाली जमा. नावे काय आहे, ते रामाजींनी पाहिलं नव्हतं. नावे जी रक्कम होती, तिला ते याच श्रावणात घाटावर पोचवून आले होते आणि हातपाय धुऊन जेवायला बसले होते.

पोळ्याचा दिवस. घरात बैल नव्हते, पण पुरण शिजलं होतं. आंगणात सगळ्यात धाकटा भाऊ कवडू बांबू चिरून कामट्या काढत बसला होता. उद्या मारबत. ती गावाची रोगराई, ईडापीडा वेशीबाहेर नेते, आणि तिच्या मागेपुढे जे बडगे निघतात ते ज्याला त्याला नको असलेला माणूस नेतात. बांबू, गवत, रद्दी कागद, वर रंग. गावभर मिरवायचा, लोकांनी शिव्या घालायच्या, आणि संध्याकाळी जाळायचा. कोष्टीपुऱ्याचा बडग्या निखाऱ्यांच्या आंगणात बनायचा आणि तो कवडूच्या हातचा असायचा. कवडूनं केलेला माणूस पाठमोरा पाहिला तरी लोक नाव सांगत.

तीन वर्षांपूर्वी त्यानं महादेवराव केले होते. महादेवराव तेव्हाचे मेंबर. सार्वजनिक विहिरीच्या कठड्याचं काम त्यांनी आपल्या साडूला दिलं, साडूनं चुन्याऐवजी माती भरली, आणि कठडा ढासळून गल्लीतल्या बिसनच्या पोराचा पाय मोडला. कवडूनं त्या वर्षी असं पोट केलं होतं, की दोन माणसांना कवेत येईना. हातात चुन्याचं घमेलं, तोंडात पळी. मधले भाऊ नत्थूजी यांनी घोषणा रचली होती: "चुना खाल्ला, विटा खाल्ल्या, घेऊन जा गे मारबत!" ती नागपुरात थेट इतवारी पेठेपर्यंत ऐकू गेली. कार्तिकात निवडणूक झाली, महादेवराव पडले आणि निखाऱ्यांचा जावई शालिकराम निवडून आला. नत्थूजींना शाळा-कमेटीवर घेतलं. ते स्वतः चौथीत तीनदा बसले होते, त्यामुळे शाळेचा अनुभव दांडगा होता.

आता पुन्हा कार्तिक जवळ आला होता.

"यंदा महामारीचा काढा," बाजेवर आडवे होत रामाजी म्हणाले. "हैजानं एवढी मानसं नेली. कोनाच्या बापाचं काही जात नाही."

"महामारीले मत नाही न गा, दादा," नत्थूजी सुपारी कातरत म्हणाले. "महादेवरावाचाच काढू."

"त्याचा काढला न मागं."

"तं काय झालं? रावन दरसाल जळते."

शालिकराम हसला. तो आणि त्याची बायको कौशल्या, रामाजींची बहीण, जेवणालाच आले होते. शिडशिडीत अंगाचा, स्वच्छ टोपीचा माणूस. गल्लीतून येताना त्यानं चार पोरांची नावं घेतली होती आणि एका म्हातारीची काठी उचलून दिली होती. असं तो रोज करायचा, निवडणूक नसतानाही. हे त्याचं खरंच होतं, आणि त्यामुळंच त्याच्याबद्दल वाईट बोलणं अवघड जायचं.

"माझं काही म्हणणं नाही," तो म्हणाला. सभेत बोलून बोलून त्याची भाषा पुस्तकी झाली होती. "लोकांची जी इच्छा."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दाराआडून आवाज आला.

"कवडूभाऊजी, विचारा बरं त्याइले. महादेवराव अजून मेंबर हायेत का?"

ही पंचफुला. तिसऱ्या भावाची विधवा. रामाजी आणि नत्थूजी तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर. भासऱ्याशी सुनेनं थेट बोलायचं नाही, पदर पुढे ओढून आडून बोलायचं, तेही मधल्या माणसाच्या तोंडून. या घरात ती बारा वर्षं असंच बोलत आली होती. सगळे ऐकत, कवडू पुन्हा तेच सांगे, मग उत्तर मिळे. कवडूनं या वेळी सांगितलं नाही. कामटी सोलत राहिला.

"सांगा न," ती म्हणाली. "महादेवराव मेंबर हायेत का? नाली त्याइनं बांधली का?"

रामाजींनी कवडूकडे पाहून उत्तर दिलं. "म्हना, आज सनावाराचं हे काढू नये."

"उद्याचा बडग्याही सनाचाच हाये. म्हना, यंदा ज्यानं चुना खाल्ला त्याचा बडग्या काढा. मागं काढला तसाच."

हे ऐकताच दुसऱ्या बाजेची दोरी करकरली, कारण शालिकराम उठून बसला.

गोष्ट गल्लीतल्या पोराटोरांनाही माहीत होती. मागांच्या मागून जाणारी नाली, जिच्यातून रंगाचं आणि घराघरांचं घाण पाणी वाहायचं, ती शालिकरामच्या काळात पक्की बांधायची ठरली. ठेका मिळाला कळमेश्वरच्या एका ठेकेदाराला. तो शालिकरामचा मामेभाऊ. नाली होळीला पुरी झाली आणि श्रावणात बसली. बाजूची भिंत खाली आली, पाणी तुंबलं आणि जमिनीतून विहिरीत शिरलं. हैजा, म्हणजे कॉलरा, पहिल्यांदा पंचफुलाच्या मुलीला, प्रेमिलाला झाला. नऊ वर्षांची. सकाळी मागाच्या खड्ड्याशी बसून सुताच्या कांड्या भरत होती, दुसऱ्या सकाळी नव्हती.

पंचफुला उंबरठा ओलांडून बाहेर आली. पदर डोक्यावर होता, पण पुढे ओढलेला नव्हता. पदराच्या सोग्यातून तिनं पडलेल्या भिंतीचं ढेकूळ काढलं आणि रामाजींच्या बाजेवर ठेवलं.

"दाबून पाहा, दादाजी."

बारा वर्षांत ती पहिल्यांदा मोठ्या भासऱ्याशी थेट बोलली. रामाजी ढेकळाकडे पाहत नव्हते, तिच्याकडेही पाहत नव्हते. ते समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या लक्ष्मीकडे पाहत होते.

"पावसानं भिजला असन चुना," नत्थूजी म्हणाले.

"मंग महादेवरावाच्या वेळी काय ऊन पडलं होतं?"

"तुले समजत नाही वं. ते काम वेगळं होतं. त्यात खाल्लं होतं."

"अन् यात?"

"यात... कमी पडलं."

"कोनाले देल्ली होती नाली?"

"माझ्या मामेभावाला," शालिकराम स्वतःच म्हणाला. त्याला वाटलं, आपण होऊन सांगितलं की अर्धी गोष्ट मिटते. "मी काही लपवलं नाही, वहिनी."

"अन् महादेवरावानं कोनाले देल्ला होता कठडा?"

"साडूले," नत्थूजी म्हणाले. "पन साडू म्हनजे बायकोकडचं नातं. मामेभाऊ रक्ताचा असते. रक्ताच्या मानसाले काम देनं हे तं कर्तव्य हाये."

हे बोलून झाल्यावर नत्थूजींनी सुपारी तोंडात टाकली आणि चावली. वाक्य चांगलं जमलं असं त्यांना वाटलं. सभेत वापरता येईल असं वाटलं.

"बिसनच्या पोराचा पाय मोडला तेव्हा," पंचफुला त्यांना म्हणाली, "तुमी त्याले खांद्यावर घेऊन कमेटीत गेलते. साऱ्या गल्लीले घेऊन गेलते. साहेबाच्या टेबलावर ते पोट्टं बसवलं न तुमी. माही पोट्टी गेली तं तिले खांद्यावर घेऊन कुठं गेलते? घाटावर. कमेटीत काहून नाही गेले?"

"अवं, बिसन परका हाये! परक्याचं बोलाले सोपं असते!"

बोलून गेल्यावर नत्थूजींचं सुपारी चावणं थांबलं. खरं बोलायचा त्यांचा इरादा नव्हता, रागात निसटलं.

शालिकरामच्या डोळ्यांत पाणी आलं. तेही खरंच होतं. "पोरीसाठी डॉक्टर मीच आणला होता, वहिनी. रात्र न बघता."

"आनला होता. टांग्याचं भाडंही तुमीच देल्लं. लाकडंही तुमीच आनली. मी नाही म्हनत नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "डागदर आनाची पाळी कोनं आनली, ते विचारून राहिली."

"पुरे!" रामाजी ओरडले. ओरडले ते मात्र कवडूकडे पाहून. "घरातलं घरात राहू दे म्हना. जवाईबापू पडले तं घर पडन!"

"घर कुठं पडलं, दादाजी? नाली पडली. घर तं चांगलं उभं हाये."

रामाजींनी मग शेवटचा पत्ता काढला. "कवडू, तूच बोल. हात तुहा हाये. तू करशीन तोच बडग्या."

कवडूला कधी कोणी मत विचारलं नव्हतं. त्याच्या हातच्या कामाचं कौतुक होई, मताचं काम पडत नसे. त्यानं कोयता खाली ठेवला, बाजेवरचं ढेकूळ उचललं आणि मूठ आवळली. बोटांच्या फटींतून रेती गळाली. रेतीच. मुठीत उरलं ते वाळकं पान, बहुधा रेतीबरोबर आलेलं.

"वयनी खरं बोलून राहिली," तो म्हणाला.

एवढंच बोलला. पण पंचफुलानं पोर गेल्यापासून पहिल्यांदा खोल श्वास घेतला आणि ती आत गेली.

* * *

स्वयंपाकघरात कौशल्या परातीतलं उरलेलं पुरण डब्यात भरत होती. ती या घरची लेक, आणि पंचफुलाची एकेकाळची जिवाची सखी. दोघी एकाच वर्षी लग्नाच्या झाल्या, एक या घरातून गेली, दुसरी या घरात आली. प्रेमिलाच्या आजारात कौशल्या तिच्या उशाशी बसली होती, पोरीचे ओले कपडे तिनंच बदलले होते. आंगणातलं सगळं बोलणं तिनं ऐकलं होतं आणि एकदाही बाहेर आली नव्हती.

"पुरनाले पानी सुटलं," ती म्हणाली.

पंचफुला भांडी घासायला बसली. राख घेतली, एक पातेलं घासलं, दुसरं घेतलं.

"पाटल्या कव्हा केल्या वं?"

कौशल्याचा हात डब्यात थांबला. पाटल्या नव्या होत्या, ठसठशीत होत्या, आणि तिनं सणाला म्हणून घातल्या होत्या. घालताना एकदा मनात आलं होतं, आज नको. मग वाटलं, नाही घातल्या तर जास्त दिसेल.

"होळीले."

"नाली झाली तेव्हा."

"मी विचारलं नाही, वयनी. घरात आनून देल्ल्या. मी नाही विचारलं."

"विचारलं असतं तं?"

कौशल्यानं डब्याचं झाकण लावलं.

"तं त्याइनं सांगतलं असतं," ती म्हणाली. "म्हनूनच नाही विचारलं."

मग ती उठली, तेलाचं बोट घेतलं, मनगटांवर चोळलं, आणि ओढून ओढून दोन्ही पाटल्या काढल्या. मनगटं लाल झाली. तिनं त्या पंचफुलापुढे राखेच्या ढिगाशेजारी ठेवल्या.

"घे. विकून टाक. काहीही कर. मले पाहावत नाही."

"मले सोनं कायले?" पंचफुलानं पातेलं पालथं घातलं. "तुले काही द्याचंच असन तं उद्या माह्या संग रस्त्यावर उभी राह्य. नालीपाशी. काही बोलू नको. नुसती उभी राह्य. मेंबरची बायको उभी हाये, एवढं दिसलं तरी पुरे."

"वयनी..."

"नुसती उभी राह्य म्हनतो."

कौशल्याला त्या क्षणी प्रेमिलाचा चेहरा आठवला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. तिला आठवला तो आपल्या सासूचा चेहरा, नवऱ्याची स्वच्छ टोपी, आणि कार्तिकानंतर रामदासपेठेत घ्यायचा ठरलेला जागेचा तुकडा, जिथं तिनं मनातल्या मनात तुळस लावून टाकली होती. ती वाईट बाई नव्हती. फक्त तिला गमावण्यासारखं होतं, आणि समोरच्या बाईला आता नव्हतं. अशा दोघींची मैत्री टिकत नाही.

तिनं पाटल्या उचलल्या. काढताना तेल लागलं होतं. घालताना लागलं नाही, हात तेलकटच होते.

"डबा घेऊन जातो," ती म्हणाली, "त्याइले उशीर होऊन राहिला."

* * *

शालिकरामला उशीर होत नव्हता. तो कवडूला घेऊन मागाच्या खोलीत गेला होता. बाहेर उजेड होता, आत मागांच्या चौकटींची सावली.

"कवडू, तुझ्या सोयरिकीचं काय झालं?"

उमरेडच्या एका घरची मुलगी कवडूनं पाहिली होती. पुष्पलता. तीही त्याला नाही म्हणाली नव्हती. तिच्या बापाचं म्हणणं एकच: कोष्ट्याला मुलगी देणार नाही, मी स्वतः कोष्टी आहे, मला माहीत आहे त्यात काय पिकतं. पोराला नोकरी पाहिजे. मिलची नको, पक्की पाहिजे.

"अडलंच हाये," कवडू म्हणाला.

"कामठी रोडच्या नाक्यावर जकातीचा कारकून भरायचा आहे. टोपी, कोट, पेन्शन. मी एक चिठ्ठी दिली की झालं." शालिकरामनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हे मी तुला बडग्यासाठी सांगत नाही हं. बडग्या तुला वाटेल तो कर. फक्त एवढं लक्षात ठेव, की मी मेंबर नसलो तर माझी चिठ्ठी म्हणजे रद्दी."

लाच देताना ती लाच नाही असं आधी सांगायचं, ही गोष्ट शालिकराम तीन वर्षांत शिकला होता. कदाचित कोणी त्यालाही अशीच सांगितली असेल.

कवडू आंगणात परत आला. पंचफुला भांडी घासून ओटीवर पालथी घालत होती. ती त्याच्याकडे पाहत होती, आणि ते त्याला कळत होतं. त्यानं चिरलेल्या कामट्या उचलल्या, दोन्ही टोकं धरून एक वाकवली, आणि सुतळीनं बांधली. मग तिच्याहून मोठी दुसरी. मग तिसरी. शालिकरामची कंबर एका कामटीत मावली असती. कवडू चौथी वाकवत होता.

पोटाचा घेर वाढत चालला तशी पंचफुला तिथून उठली. शेवटची वाटी पालथी घालायची राहिली.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ढोल. गल्लीबोळांतून माणसं मोठ्या रस्त्याकडे निघाली. मारबतीच्या अवाढव्य मूर्तीपुढे बायका पोरांना उचलून धरत होत्या, "खोकला घेऊन जा गे मारबत, ताप घेऊन जा गे मारबत!" कोष्टीपुऱ्याचा बडग्या गल्लीच्या तोंडाशी उभा होता, महादेवराव, मागच्यापेक्षा जाड. या वेळी घमेल्याच्या जोडीला गळ्यात एक बाटली टांगली होती आणि तिच्यावर कागद: हैजा.

म्हणजे नालीही महादेवरावांचीच झाली होती आणि हैजाही. नत्थूजींनी रात्रभर विचार करून घोषणेत एक ओळ वाढवली होती.

पंचफुला पडलेल्या नालीपाशी उभी होती. पायाशी टोपली, टोपलीत भिंतीची ढेकळं. जो जाईल त्याच्या हातात ती एक ठेवी आणि म्हणे, "दाबा."

लोक दाबत. न दाबता पुढे जावं, इतके कोणी वाईट नव्हते. पोर गेलेल्या बाईचा शब्द कोण मोडणार? दाबत, रेती गळे, हात झटकत, मान हलवत आणि बडग्याकडे जात. तासाभरात तिच्याभोवती रेतीचं रिंगण झालं.

बिसन आला. ज्याच्या पोराचा पाय मोडला होता तो बिसन. तिनं दोन ढेकळं घेतली, त्याच्या दोन्ही हातांत ठेवली.

"तुमी तं दाबूनही पाहू नका, बिसनभाऊ. तुमाले ठाऊक हाये."

बिसननं दाबलं नाही. दोन्ही ढेकळं तशीच धरून उभा राहिला. "ठाऊक हाये," तो म्हणाला. "पन वयनी, माह्या पोट्ट्यासाठी तुमच्याच घरचे लोक गेलते कमेटीत. शालिकराम स्वता आलता. मी त्याइच्या विरुद्ध कसा उभा राहू?"

"विरुद्ध कुठं? माह्या संग उभे राहा."

"एकच झालं न. शालिकराम पडला तं महादेवराव येईन."

"येईन तं काय करन?"

"चुना खाईन! दुसरं काय?"

त्याचं त्यालाही ऐकू गेलं की नाही, सांगता येत नाही. त्यानं ढेकळं जपून, फुटणार नाहीत अशी, टोपलीत परत ठेवली आणि बडग्याचा मागचा बांबू खांद्यावर घ्यायला गेला.

मग मोठ्या रस्त्याकडून दोन लोक आले, महादेवरावांचे. उन्हातही कोट. त्यांना सकाळपासून खबर होती आणि ते खुशीत होते.

"बाई, तुम्ही इथे एकट्या कशाला? आमच्या सभेत या. सगळं गाव ऐकेल. महादेवराव स्वतः तुम्हाला मंचावर बसवतील."

"येतो," पंचफुला म्हणाली.

ते दोघे एकमेकांकडे बघून हसले.

"आधी एक सांगा. बिसनच्या पोट्ट्याचा पाय मोडला, तेव्हा तुमी कोनाच्या बाजूनं होते?"

"ती गोष्ट वेगळी, बाई. ते राजकारण होतं. यात अन्याय झाला आहे."

तिनं टोपलीतलं ढेकूळ उचललं, आणि या वेळी कोणाच्या हातात ठेवलं नाही. कोटावर फेकलं. छातीवर पिवळी रेती पसरली. दुसरं उचललं. ते दोघे मागे सरले, एकाची टोपी पडली, पोरं हसली, कोणीतरी ओरडलं, "शाब्बास पंचफुला! मार महादेवराववाल्याइले!" आणि टाळ्या पडल्या. तिला कळलं, की कोष्टीपुरा आता तिच्या बाजूनं टाळ्या वाजवतो आहे आणि का वाजवतो आहे. तिसरं ढेकूळ हातात तसंच राहिलं.

तेवढ्यात बडग्या उचलला. पुढच्या बांबूला खांदा शालिकरामचा होता. मेंबर असून खांदा देतो, याचं लोकांना केवढं कौतुक! मागे बिसन, बाजूला रामाजी, पुढे नत्थूजी. कवडू नव्हता, तो उमरेडच्या गाडीला गेला होता.

"चुना खाल्ला, विटा खाल्ल्या—"

"घेऊन जा गे मारबत!"

"पोरीबाळी खाऊन गेला—"

ही नवी ओळ. नत्थूजींनी प्रेमिलावर रचली होती.

"घेऊन जा गे मारबत!"

पंचफुला धावली. गर्दीत शिरली आणि नत्थूजींच्या सदऱ्याला धरून ओढलं. सदरा फाटला. "तिचं नाव नका घेऊ! मले सांगा, कोनं खाल्ली? नाव घ्या न! कोनं खाल्ली, सांगा!" ढोल इतका जवळ होता की पुढच्या दोन रांगांच्या पलीकडे कोणाला काही कळलं नाही. ज्यांना कळलं त्यांनी तिला आदरानं, खांद्याला धरून, बाजूला केलं. "दुःखानं डोकं फिरलं बिचारीचं," एक बाई म्हणाली. "मेल्या महादेवरावानंच केलं हे."

रस्त्याकडेच्या एका ओट्यावर कौशल्या उभी होती, डोक्यावरून पदर, हात पदराच्या आत. पंचफुलानं वर पाहिलं. कौशल्या मारबतीकडे पाहून हात जोडत होती.

* * *

कार्तिकात शालिकराम मागच्यापेक्षा जास्त मतांनी निवडून आला.

रामाजींना कोपऱ्यावरचा ओटा मिळाला. माल ठेवायला जागा हवी म्हणून त्यांनी मागाच्या खोलीतला पंचफुलाच्या मागाचा खड्डा बुजवला. तिला आधी सांगितलं, कवडूमार्फत. नत्थूजी शाळा-कमेटीचे अध्यक्ष झाले. शालिकरामनं त्यांना नवा सदराही दिला. रामदासपेठेत तुळस लागली. नाली पुन्हा बांधायला निघाली. ठेका कळमेश्वरलाच गेला, कारण आधीचं काम त्याला माहीत होतं. खर्चासाठी वॉर्डातल्या दर घरावर पाणीपट्टी वाढली. लोकांनी ती भरली आणि तिजोरी रिकामी ठेवून गेल्याबद्दल महादेवरावांना शिव्या घातल्या. महादेवरावांनी पेपरात निवेदन दिलं, की साडूला ठेका देणं आणि मामेभावाला देणं यात मूलभूत फरक आहे. नत्थूजींना ते वाक्य चोरीचं वाटलं.

पंचफुला कामठीला भावाकडे गेली. तिथं नवा खड्डा खणला, माग बसवला, आणि लुगडी विणून बाजाराच्या दिवशी नागपुरात आणू लागली.

पहिल्याच खेपेला नाक्यावर कवडू. टोपी, कोट, पितळी बटणं. मागे कोणाची तरी बैलगाडी, पुढे एक मोळीवाला. तिची पाळी आली.

"किती नग?" त्यानं विचारलं, आणि वर पाहिलं. "वयनी."

"तीन लुगडी."

कवडूनं पेन्सिल खाली ठेवली. इकडं तिकडं पाहिलं. "जा तुमी."

"जकात?"

"जा न, वयनी. आपल्याच घरच्या तुमी. कोन पाहून राहिलं?"

तिनं गाठोडं फळीवर ठेवलं. गाठ सोडली. तीनही घड्या उलगडून, काठ वर करून ठेवल्या, परक्याच्या पुढे ठेवतात तशा.

"मोज," ती म्हणाली. कवडूला तिनं आयुष्यात कधी अरेतुरे केलं नव्हतं. "मोज अन् पावती फाड."

"वयनी, असं काय करून राहिल्या..."

"पावती फाड!"

मोळीवाला वळून पाहू लागला. कवडूनं पावती फाडली. तिनं कनवटीचे पैसे काढून फळीवर एकेक ठेवले, पावती घडी करून चोळीत खोचली, गाठोडं बांधलं आणि शहराच्या रस्त्याला लागली.

मागची बैलगाडी पुढे आली. कामठीहून भरलेले कापडाचे गठ्ठे, वर ताडपत्री. गाडीवान म्हणाला, "रामाजी निखाऱ्यांचा माल," आणि कवडूनं उठून स्वतःच्या हातानं नाक्याचा बांबू वर केला. पाठोपाठ शाळा-कमेटीच्या बाकांची गाडी आली, तीही गेली.

त्या दिवशी कामठीच्या सडकेनं निखाऱ्यांच्या गोतातला जेवढा माल शहरात आला, त्यातली जकात भरली ती तीन लुगड्यांनी.